निकालाला बगू

आमच्या घरमालकांनी आयुष्यात दोन गोष्टी कुणाच्या हाती लागू दिल्या नाहीत. एक, पाण्याच्या मोटरच्या खोलीची चावी. आणि दुसरी, आपण मत कुणाला दिलं ही बातमी. चावी निदान त्यांच्या करगोट्याला लटकलेली दिसायची तरी. मताचा पत्ता मात्र त्यांच्या बायकोलाही नव्हता, आणि तो लागू न देणं हेच आपलं जीवितकार्य आहे अशा थाटात ते वावरायचे.

भिवंडीहून खारबावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं गाव. जिथे पूर्वी त्यांचं भात पिकायचं तिथे आता गोदामं पिकतात. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी चाळ बांधली होती आणि तिच्यातली एक खोली माझ्या नशिबी आली होती. मी गावच्या शाळेत शिक्षिका. सगळी चाळ त्यांना आबा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. ते मला ‘बाई’ म्हणत, आणि असं म्हणत की समोर उभी असलेली बाई आता पाढे चुकणार याची त्यांना खात्रीच आहे.

चाळीचे कायदे त्यांनी स्वतः केले होते आणि त्यांत दुरुस्तीची सोय नव्हती. भिंतीत खिळा मारायचा नाही. मारला की आबांना तो अंगात घुसल्यासारखा कळायचा. दुपारी येऊन ते काठीने भिंत ठोकून बघत आणि “हितं मारलाय” म्हणून बरोबर कॅलेंडरच्या मागे बोट ठेवत. मोटर त्यांच्या मनात येईल तेव्हा सुरू व्हायची. अंगणात उभे राहून ते एकदाच ओरडत, “सोडलाय!” मग माझ्या शेजारची उत्तर प्रदेशची भाभी, जिचा नवरा लूमवर होता, बादल्या घेऊन धावायची आणि पुढच्या खोल्यांना हाक द्यायची, “अरे उठो, आबाने छोड़ दिया!” पाणी कधी सुटणार, असं आदल्या दिवशी विचारलं तर उत्तर ठरलेलं, “बगू.”

हे ‘बगू’ म्हणजे आबांची खरी इस्टेट. जमिनी विकल्या, पण हे त्यांनी शेवटपर्यंत विकलं नाही.

निवडणूक आली की या इस्टेटीला भलताच भाव यायचा. आबांच्या शब्दावर भाऊबंदांचा सगळा वाडा मत देतो, अशी गावात समजूत होती. ती कुणी पसरवली हे विचारायचं कारण नाही. त्यामुळे प्रत्येक उमेदवार हात जोडून ओट्यावर यायचा. ओट्यामागच्या दोरीवर आबांनी सगळ्या पक्षांची उपरणी धुऊन वाळत घातलेली असत, मधल्या फुटीतून झालेल्या नव्या पक्षांसकट. जो येईल त्याचं उपरणं गळ्यात घालून ते त्याच्या स्वागताला उभे राहत. एकदा एक पक्ष पुढच्या दाराने आला आणि त्याचा विरोधक मागच्या दाराने. आबांनी दोन्ही उपरणी घातली आणि मध्ये बसून दोघांना चहा पाजला. दोघंही प्रसन्न होऊन गेले. “आबा, मग आपल्याकडे लक्ष असू द्या,” असं कुणी म्हटलं की “बगू.” आणि मतदान झाल्यावर कुणी विचारलंच, कुणाला दिलंत, तर त्याचीही सोय होती.

“निकालाला बगू.”

निकाल लागला की निवडून आलेल्याला वाटायचं, आबांनी आपल्याला दिलं. पडलेल्याला वाटायचं, निदान आबांनी तरी दिलं. इतक्या लोकांना एकाच मतात सुखी ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मतदानाच्या दिवशी पहिला नंबर त्यांचाच. आमच्या शाळेच्या पहिलीच्या वर्गात बूथ असायचं आणि गेट उघडायच्या कितीतरी आधी पांढरंशुभ्र धोतर नेसून आबा तिथे उभे असत. हा नंबर त्यांच्याकडे वंशपरंपरेने आल्यासारखा होता. एका वर्षी कुणी नवखा तरुण त्यांच्याआधी येऊन उभा राहिला, तर आबांनी त्याच्या आजोबांपासूनच्या जमिनीच्या भानगडी रांगेत मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. तरुण आपण होऊन मागे गेला. आत जाऊन ते केंद्राध्यक्षाला “काय पावनं, झोप झाली का?” असं विचारत, कारण आदल्या दिवशी मुक्कामाला आलेल्या त्या ‘पावन्यां’चं जेवण आबांच्या घरून गेलेलं असायचं. दिवसभरही जायचं. भाकऱ्या, सुकट, वरणभात, चहाच्या किटल्या. सरकारी नियमात हे बसतं की नाही यावर कुणी भरल्या पोटी चर्चा करत नसे. हे सगळं रांधायचं कुणी, हा प्रश्न आबांना कधी पडला नाही. पडला असता तर म्हणाले असते, बगू.

तर अशा या माणसाकडे ‘घरबसल्या मतदान करा’ असं सांगायला जायची पाळी माझ्यावर आली. शिक्षकाला शिकवण्यापासून वाचवायचे जे अनेक उपाय सरकारने शोधून काढलेत, त्यांतला एक म्हणजे त्याला बीएलओ, बूथपातळीवरचा अधिकारी, करणं. मतदारयादीतली जिवंत आणि मेलेली माणसं वेगळी करणं हे त्याचं मुख्य काम. नियम असा आला होता की पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदाराने अर्ज भरला, तर पथक त्याच्या घरी येऊन टपाली मतपत्रिकेवर मत घेईल. आबा त्या वर्षी पंच्याऐंशीच्या पार गेले होते आणि गुडघ्यांनी त्यांना उघडउघड दगा दिला होता. अर्थात हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती.

“मना लुला समजलास?” त्यांनी अर्जाकडे न बघताच विचारलं. रागात ते मला एकदम अरेतुरे करत, त्यातही पुल्लिंगी.

“तसं नाही आबा. सक्ती नाहीये. हवं असेल तर सरकार तुमच्या घरी येईल, एवढंच.”

“सरकार? हितं?”

“हो. दोन अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला.”

आबांनी आता अर्जाकडे बघितलं. जन्मभर ते सरकारच्या दारात उभे राहिले होते. सातबाऱ्यासाठी, रस्त्यात गेलेल्या जमिनीसाठी, विजेच्या मीटरसाठी. आता सरकार पायातल्या चपला बाहेर काढून त्यांच्या दारात येणार होतं. त्यांनी चष्मा मागवला. मी त्यांना स्पष्ट वाचून दाखवलं की एकदा हा अर्ज भरला की मग बूथवर मत देता येणार नाही. ते “हां, हां” म्हणाले. माझं वाचून होईतो ते साहेबांना कोणती खुर्ची द्यायची आणि पोलिसाला कोणती, याची जुळवाजुळव करत होते. सही त्यांनी अशी ठोकली की खालच्या कागदावरही उमटली.

आता आमच्या भागात घरात काही चांगलं घडायचं असेल तर त्याची एक रीत आहे. पाहुणे येणार म्हटलं की मांडव. मांडव म्हटला की बॅनर. बॅनर म्हटला की गॉगल. गाय व्याली तरी चौकात शुभेच्छुकांचे फोटो लागतात, तिथे सरकार घरी येणार म्हणजे काय! पथक येणार त्या दिवशी सकाळी मी बाहेर आले तर अंगणात हळदीला घालतात तसा मांडव. दाराशी बॅन्जोवाले. मागे मटणाचा टोप चढलेला. आणि रस्त्यावर आबांचा गॉगलातला भला मोठा फोटो: ‘आमच्या राहत्या घरी प्रथमच शासनाचे आगमन. हार्दिक स्वागत!’ खाली शुभेच्छुक म्हणून सगळे भाऊबंद, पुतणे, जावई. त्यांच्यात एक चेहरा मला भाऊबंदांपैकी वाटेना. जवळ जाऊन बघितलं तर तो एका उमेदवाराचा होता.

हा प्रताप आबांच्या मोठ्या मुलाचा. मांडवाची हौस आबांची, पण खर्चाला मुलगा इतक्या आनंदाने तयार झाला तेव्हाच कुणाला तरी शंका यायला हवी होती. त्याला त्या उमेदवाराच्या वशिल्याने गोदामांतला हमालांचा ठेका हवा होता, आणि त्याने तिकडे शब्द देऊन ठेवला होता की आबांचं मत आपलंच, समोर बसवून घेतो. बूथच्या आत त्याला जाता आलं नसतं. घर मात्र त्याचंच होतं.

पथक आलं तसा बॅन्जो सुरू झाला. सुनांनी साहेबांना ओवाळलं, पोलिसाच्या कपाळाला टिळा लावला. साहेब पाटबंधारे खात्यातले, सुकलेल्या चेहऱ्याचे. असलं स्वागत त्यांचं लग्नातही झालं नसावं.

“मतदार कोण?” त्यांनी विचारलं.

“सगलेच मतदार हाव आमी!” मांडवातून आवाज आला आणि हशा पिकला.

“ज्यांचं मत घ्यायचंय ते सोडून बाकीच्यांनी बाहेर जा.”

कुणी हललं नाही. उलट मागून आणखी चार जण पुढे सरकले. मुलगा म्हणाला, “साहेब, घरचीच मान्सं हायती. आबांना दिसत न्हाय नीट, मी सोबत बसतो. बटन कुठलं ते दाखवतो.”

“बटण नसतं. कागद असतो.”

“मग तं बरंच झालं,” मुलगा म्हणाला.

तेवढ्यात साहेबांची नजर बॅनरवरच्या त्या पाहुण्या चेहऱ्यावर गेली, आणि पाठोपाठ खऱ्या चेहऱ्यावर; कारण उमेदवार स्वतः मांडवात मटणाची चव बघत उभे होते. व्हिडिओवाल्याने इमानेइतबारे हे सगळं टिपलं होतं. साहेबांनी मतपत्रिकांची पेटी पुन्हा काखेत घेतली.

“इथे गुप्त मतदान होऊ शकत नाही. अजून एक फेरी करू, ती शेवटची. तेव्हाही हाच प्रकार असला तर यांचं मत गेलं.”

“ऱ्हाऊ द्या तुमची फेरी,” आबा उसळून म्हणाले. “मी बूथवर जाईन. पयला नंबर माजा.”

“तुमच्या नावापुढे टपाली मतदानाचा शिक्का पडलाय, बाबा. बूथवर आता तुम्हाला मत देता येणार नाही.”

बॅन्जोवाल्यांना हे कळलं नाही, ते वाजवतच होते. आबांनी माझ्याकडे बघितलं. मग मुलाकडे. मग बॅनरवरच्या त्या चेहऱ्याकडे. त्यांना सगळं तिथेच समजलं, हे मला दिसलं. मताचा हक्क मिळाल्यापासून एकही निवडणूक न चुकवलेला माणूस स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या मांडवाखाली मताला मुकायला आला होता. मला त्या क्षणी खरंच वाईट वाटलं. मटणाचा वास आला नसता तर अजून वाटलं असतं.

त्या दिवसापासून आबा मुलाशी बोलेनासे झाले. बॅनर त्यांनी काढून मोटरच्या खोलीच्या गळक्या पत्र्यावर घातला. गॉगलातले आबा कित्येक दिवस आभाळाकडे बघत पडलेले होते.

दुसऱ्या फेरीचा निरोप माझ्याकडे आला आणि मी तो फक्त आबांच्या कानावर घातला. वेळापत्रक तसं सगळ्या उमेदवारांच्या कार्यालयांतही जातं. पण तिथे उमेदवार प्रचाराला गेलेला असतो, कार्यकर्ता जेवायला गेलेला असतो आणि आलेला कागद वाचायचा असतो ही गोष्ट राजकारणात अजून रुळलेली नाही.

आबांनी निरोप ऐकला आणि म्हणाले, “बगू.”

त्याच संध्याकाळी घरात हलकल्लोळ. कार्ल्याची एकवीरा आई आबांच्या दुपारच्या स्वप्नात आली होती. सगळ्या घराने एकत्र दर्शनाला यावं, मागचा नवस राहिलाय, असं तिने सांगितलं होतं. दिवसही तिनेच नेमून दिला होता, आणि मुलाशी धरलेला अबोला सोडायलाही तिनेच सांगितलं होतं. मुलाला बाकी कुणाची भीती नव्हती, पण देवीपुढे त्याची बिशाद नव्हती.

“आबा, तुमी न्हाय येनार?” त्याने विचारलं.

“मना त्या पायऱ्या चढवतील का रे? गुडघं बग माजं!” आबा कण्हत म्हणाले. माझ्यासमोर ज्या गुडघ्यांना त्यांनी पोलादी ठरवलं होतं तेच हे गुडघे.

ठरल्या दिवशी सकाळी गाडी भरून सगळं घर कार्ल्याला गेलं. मागे राहिले आबा, आणि आजी. आजींच्या गुडघ्यांची तक्रार मात्र खरी होती. आजी म्हणजे आबांची बायको. आबांच्या गोष्टीत त्या इतक्या उशिरा येतात याचा दोष माझा नाही, त्या घरात त्या सगळीकडेच उशिराने यायच्या.

पथक आलं तेव्हा आबांनी खिडक्यांवर गोधड्या टाकल्या होत्या. कागद उडू नये म्हणून पंखा बंद. मुलाने हौसेने बसवलेल्या सीसीटीव्हीच्या डोळ्यावर आबांनी आपली बंडी अडकवली होती. अधिकाऱ्यांनी टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, “दिसतं ना? मदतीला कुणी हवंय?”

“मना सगलं दिसतंय,” आबा म्हणाले. “म्हनून तं सगल्यांना भायेर काडलाय.”

मग त्यांनी व्हिडिओवाल्याला दाराकडे तोंड करून उभं केलं. पोलिसालाही. साहेबांना भिंतीवरच्या खंडोबाच्या तसबिरीकडे बघायला लावलं. आजी कोपऱ्यात बसल्या होत्या.

“अगो, तू पन भायेर.”

“मी काय बगतंय तुमचा मत?” आजी उठत म्हणाल्या. “जनमभर तुमचा जेवान बगतंय, तेवढा पुरा हाय.”

त्या बाहेर येऊन ओट्यावर माझ्याशेजारी बसल्या. आत आडोशामागे आबा मतपत्रिका वाचत असावेत, बहुधा छापखान्याच्या नावापासून. मला राहवेना म्हणून मी विचारलं, “आजी, तुम्ही मत देता ना?”

“देतंय तं. तेंचा पयला, माजा शेवटचा.” त्या पदराने वारा घेत होत्या. “बूथवाल्यांचा जेवान मीच करतंय ना. भांडी घासून जाते तवर गेट लावाया घेतात. एका टायमाला तं लावलाच. हातातला पीठ पन धुतला नव्हता, तशीच परत आयले.”

“आबांना सांगितलंत का?”

“तेंनी इचारलाय कवा?”

एवढ्यात दार उघडलं. आबा उंबरठ्यात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. आत साहेब लिफाफ्यात घातलेला लिफाफा पेटीत टाकत होते. आबा आजींकडे बघत राहिले, मग बोटाला लागलेला डिंक धोतराला पुसत म्हणाले, “झालाय.”

निर्धास्त झालेला माणूस जरा सैल होईल असं मला वाटलं होतं. पण त्या संध्याकाळी देवीचा प्रसाद घेऊन आलेल्या मुलाने सगळा प्रकार कळल्यावर कपाळाला हात लावून विचारलं, “आबा, निदान सांगा तरी, कुनाला दिलात?” तेव्हा आबांच्या चेहऱ्यावर मी जे सुख बघितलं ते कार्ल्याला जाऊन आलेल्या एकाच्याही चेहऱ्यावर नव्हतं.

“निकालाला बगू,” ते म्हणाले.

इथे ही गोष्ट संपली असं मी धरून चालले होते. मतदानाच्या दिवशी बूथबाहेर मदतीच्या टेबलावर माझी ड्युटी होती. उजाडता उजाडता शाळेपाशी पोचले तर गेटसमोर पांढरंशुभ्र धोतर. हातात वॉकर. पहिला नंबर. मी धावतच जवळ गेले.

“आबा, तुमचं मत झालंय! तुम्हाला आत सोडणार नाहीत.”

“म्हाईत हाय.”

“मग?”

“मी लायनीत हाय. मत द्याया आलोय असा कोन बोलला? लायनीत उभा ऱ्हायाचा पन फारम भराया लागतो का?”

तेवढ्यात पोलीस आला आणि त्याने माझ्या लक्षात न आलेली गोष्ट दाखवली. “आजोबा, ही बायकांची लाइन आहे. पुरुषांची तिकडे.”

“म्हाईत हाय,” आबा पुन्हा म्हणाले.

मागे बायका जमत होत्या. पदर तोंडाला लावून हसत होत्या. गावातले पुरुष पलीकडच्या रांगेतून मान काढून बघत होते. आबांच्या इभ्रतीचा असा जाहीर लिलाव गावाने कधी पाहिला नव्हता. ते कुणाकडेही न बघता वॉकर धरून उभे होते. पाय थरथरत होते. मी खुर्ची नेली, ती त्यांनी नाकारली. बसला की नंबर जातो, असं म्हणाले.

गेट उघडायची वेळ झाली तशा आजी आल्या. हिरवी साडी, केसांत अबोलीची वेणी, हातात ना टोप ना किटली. त्या सवयीने रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

“अगो, हितं ये,” आबांनी हाक मारली.

“चुलीवर भात...”

“तुजा पोरगा बसलाय चुलीपुढं. करपवू दे त्याला.”

आजी पुढे आल्या. आबा वॉकरसकट बाजूला सरकले आणि त्या मोकळ्या जागेत त्यांनी आजींना उभं केलं. पुरुषांच्या रांगेतला पहिला इसम आत शिरायला लागला, तर आबांनी वॉकर त्याच्या पुढ्यात आडवा घातला. “थांब. पयली ती.” त्याला आपल्या आजोबांच्या जमिनी आठवल्या असाव्यात. तो थांबला.

आजी आत गेल्या. मशीनचा लांबलचक आवाज बाहेरपर्यंत आला. त्या वर्षीचं आमच्या बूथवरचं पहिलं मत. आबा गेटशी मान ताठ करून उभे होते, आणि मी कितीही तिरकस बाई असले तरी मला त्या क्षणी टेबलावरच्या यादीतली अक्षरं नीट दिसेनाशी झाली.

आजी बाहेर आल्या. शाईचं बोट पदराला लागू नये म्हणून हात जरा दूर धरलेला. आबा वॉकर टेकत शेजारून चालू लागले. चार पावलं गेल्यावर त्यांना राहवलं नाही. आवाज खाली आणून, पण मला ऐकू जाईल इतपतच खाली आणून, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तो प्रश्न विचारला.

“कुनाला दिलास गो?”

आजींनी वळूनही बघितलं नाही.

“निकालाला बगू,” त्या म्हणाल्या, आणि आबांच्या एक पाऊल पुढे निघाल्या.